सांगोल्याच्या सायकली समुद्रावर

बालमित्रांनो, सायकल तुमच्यापैकी बहुतेकांना येतच असेल. शाळेत जायला, दळण आणायला, रानात भाकरी पोचवायला आपण ती वापरतो. पण सायकलने किती लांब जाता येतं? माझ्या चौथीच्या वर्गात मी हा प्रश्न विचारला, तेव्हा एकजण म्हणाला, "पंढरपूरपर्यंत." दुसरा म्हणाला, "चेन तुटेपर्यंत!" दोन्ही उत्तरं तशी बरोबरच. पण मी आणि माझा मित्र २०२२ च्या दिवाळीच्या सुट्टीत सांगोला तालुक्यातून सायकलने निघालो, ते थेट कर्नाटकातल्या मुल्कीच्या किनाऱ्यावर पोचलो. आणि तिथे सायकली माडाला टेकवून समुद्राच्या लाटेवर उभं राहायला शिकलो. त्या प्रवासाची ही हकिगत.

आधी मित्राची ओळख करून देतो. त्याचं नाव छापलेलं त्याला आवडणार नाही. सारा गाव त्याला मिस्त्री म्हणतो, आपणही मिस्त्रीच म्हणू या. त्याचं सायकली आणि मोटारसायकली दुरुस्त करायचं दुकान आहे. पहिलीत आम्ही एका बसकरावर बसायचो. पुढे मी डी.एड. करून शिक्षक झालो, त्याने पाना हातात धरला. पाठीला पत्र्याचा डबा बांधून आम्ही दोघं एकाच विहिरीत पोहायला शिकलो. मला जेमतेम तरंगता यायचं, तर मिस्त्री विहिरीच्या काठावरून असा मुटका मारायचा की पाणी थेट मोटेच्या थारोळ्यापर्यंत उडायचं.

पण मे २०२१ पासून मिस्त्री पाण्यात उतरला नव्हता. त्याचा भाचा, सहावीतला मुलगा, शेततळ्यातून बादली भरताना घसरला. तुम्ही दुष्काळी भागातले असाल तर शेततळं तुम्हांला ठाऊक आहे. आमच्याकडे डाळिंबाच्या बागांसाठी ती जागोजाग खोदली आहेत. पाणी मुरू नये म्हणून आत प्लॅस्टिकचा कागद अंथरलेला असतो. तो कागद ओला झाला की इतका गुळगुळीत होतो की पट्टीच्या पोहणाऱ्यालाही चढून वर येता येत नाही. पोरगं गेलं. मिस्त्री त्या वेळी दुकानात होता. गावातला सगळ्यांत चांगला पोहणारा माणूस, पण तो पोचला तेव्हा काही उरलं नव्हतं. त्यानंतर तो विहिरीच्या वाटेनंही जायचा नाही.

वहीतले प्रश्न

आमचा भाग माणदेशाचा. माण नदी वर्षातले कितीतरी महिने कोरडी. माझ्या वर्गातल्या सव्वीस मुलांपैकी समुद्र पाहिलेली फक्त दोन. समुद्राचा विषय निघाला की प्रश्नांची सरबत्ती होते. एकदा मी सगळे प्रश्न एका वहीत लिहून घेतले. त्यांतले चार सांगतो:

लाट कुठून निघते?

नद्यांचं पाणी गोड, मग समुद्र खारट का?

समुद्राला भ्यायचं का?

लाटेवर माणूस उभा राहतो, हे खरं का?

शेवटचा प्रश्न विचारणाऱ्या मुलीने टी.व्ही.वर ऑलिंपिक पाहिलं होतं. २०२१ साली टोकियोच्या स्पर्धेत सर्फिंग, म्हणजे फळीवर उभं राहून लाटेवरून घसरत येण्याचा खेळ, ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा खेळला गेला. पण खेळ फार जुना आहे. प्रशांत महासागरातल्या हवाई बेटांवरचे लोक शेकडो वर्षांपासून लाकडी फळ्यांवर लाटा खेळत आले आहेत. तिथलाच ड्यूक कहानामोकू हा जलतरणपटू. १९१२ आणि १९२० च्या ऑलिंपिकमध्ये त्याने शंभर मीटर पोहण्याचं सुवर्णपदक मिळवलं आणि देशोदेशी फिरून हा खेळ लोकांना दाखवला.

आपल्या देशात हा खेळ शिकायची एक चांगली जागा म्हणजे मुल्की, मंगळूरच्या अलीकडे. मी मिस्त्रीला म्हटलं, "चल, सायकलने जाऊ." तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "गुरुजी, सायकलींसाठी येतो. पाण्यात तू जा."

तयारी

सायकली साध्याच होत्या. मिस्त्रीने मागच्या चाकाला सात चकत्यांचं गिअर बसवलं, ब्रेकची रबरं बदलली, दोन्ही चाकांचा आऊट काढला. खताच्या धुतलेल्या पोत्यांपासून कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना लटकणाऱ्या पिशव्या शिवल्या. पंक्चरचं सामान, दोन ट्यूब, पंप, पाने, चेनचं तेल. शेवटी त्याने तीन स्पोक सायकलच्या दांडीला चिकटपट्टीने गुंडाळले. मी विचारलं, "हे कशाला?" तो म्हणाला, "मोडायच्या आधी घेतलेली वस्तू स्वस्त पडते."

हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे कामाला येणार आहे.

भाऊबीज झाली, आणि दुसऱ्या दिवशी, २७ ऑक्टोबरला, पहाटे साडेपाचला आम्ही निघालो.

घाट उतरून कोकणात

मिरजेच्या रस्त्यावर समोरून कार्तिकीच्या दिंड्या येत होत्या. ते पंढरपूरकडे, आम्ही उलट्या दिशेने. एका म्हाताऱ्या वारकऱ्याने विचारलं, "माउली, उलटे कुठं निघाला?" मिस्त्री म्हणाला, "समुद्राला." आजोबा हसले. "जा की. चंद्रभागा पण तिकडंच चालली आहे." मला मात्र हसू आवरेना. चंद्रभागा म्हणजे भीमा. ती कृष्णेला मिळते आणि कृष्णा पूर्वेच्या बंगालच्या उपसागराला. आम्ही निघालो होतो पश्चिमेच्या अरबी समुद्राला. पण समुद्र शेवटी सगळे एकमेकांना मिळालेलेच, तेव्हा आजोबांचंही बरोबर होतं.

कोल्हापूरच्या पुढे मुलूख हिरवा होत गेला. गगनबावड्याला सह्याद्रीची धार येते. आमच्याकडे जेवढा पाऊस वर्षभरात पडतो, त्याच्या कितीतरी पट इथे एका पावसाळ्यात पडतो. पावसाळी ढग समुद्राकडून येतात, डोंगराला अडतात, वर चढतात, थंड होतात आणि बरसतात. डोंगर ओलांडून आमच्याकडे पोचेपर्यंत त्यांच्यातलं पाणी बरंचसं संपलेलं असतं. भूगोलाच्या पुस्तकात हे मी दरवर्षी शिकवत होतो. सायकलवरून तीन दिवसांत ते डोळ्यांनी पाहिलं. बाभळ गेली, ऊस आला, ऊस गेला, भात आला.

करूळचा घाट उतरताना मिस्त्रीने दर वळणाला सायकल थांबवायला लावली. सतत ब्रेक दाबला की चाकाची कड तापते, रबर झिजतं आणि ब्रेक लागेनासा होतो. "चढताना पाय दमतात, उतरताना डोकं दमलं पाहिजे," असं तो म्हणाला.

चौथ्या दिवशी मालवणला समुद्र दिसला. किनाऱ्यावर रापण ओढणं चाललं होतं. समुद्रात अर्धगोल टाकलेलं लांबच लांब जाळं, आणि त्याची दोन टोकं ओढणारे चाळीस-पन्नास लोक. आम्हीही दोर धरला. जाळं वर आल्यावर एका म्हाताऱ्या रापणकरांना मी वहीतला तिसरा प्रश्न विचारला. समुद्राला भ्यायचं का? ते म्हणाले, "दर्याक भिया नकात, मास्तरांनु. पण दर्याकडे पाठ करून उभे रवा नकात." मी ते जसंच्या तसं लिहून घेतलं. मिस्त्री वाळूत उभा होता, पाण्यापासून वीस पावलं दूर.

पुढे वेंगुर्ल्यावरून शिरोड्याला गेलो. हे गाव शिक्षकांना जवळचं वाटावं असं. वि. स. खांडेकर इथल्या शाळेत शिक्षक होते. १९३० साली इथेच मिठाचा सत्याग्रह झाला. इथली मिठागरं पाहून दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. नद्या डोंगरांतल्या खडकांतून थोडे थोडे क्षार विरघळवून आणतात, इतके थोडे की जिभेला कळत नाहीत. समुद्रात पोचलेल्या पाण्याची वाफ होते, ती वर जाते. क्षार मात्र मागेच राहतात. कोट्यवधी वर्षं हेच चाललं आहे. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. मिठागरात समुद्राचं पाणी उथळ वाफ्यांत साठवतात, ऊन पाणी घेऊन जातं आणि मीठ आपल्यासाठी ठेवून जातं.

तेरेखोलची खाडी फेरीबोटीने ओलांडून आम्ही गोव्यात शिरलो. कारवारपर्यंत भाषेची अडचण आली नाही. अंकोल्याच्या पुढे पाट्या कानडीत, बोलणंही कानडीत. मिस्त्रीने एकच शब्द पाठ केला, "नीरू," म्हणजे पाणी. तेवढ्यावर रिकाम्या बाटल्या भरून मिळाल्या. कुमठ्याजवळ माझ्या मागच्या चाकाचा स्पोक तुटला. ओझं मागे असलं की मागचेच स्पोक आधी जातात. मिस्त्रीने दांडीवरचा एक सोडवला आणि अर्ध्या तासात चाक सरळ केलं. होन्नावरला शरावती ओलांडली. भूगोलात शिकलेला जोगचा धबधबा याच नदीवर. मरवंते गावात तर रस्त्याच्या एका हाताला समुद्र आणि दुसऱ्या हाताला सौपर्णिका नदी! दोन्ही पाण्यांच्या मधून सायकल चालवत गेलो.

दहाव्या दिवशी मुल्कीला पोचलो. साडेसातशे किलोमीटरच्या आसपास प्रवास झाला होता.

लाट म्हणजे काय?

मुल्कीजवळ शांभवी आणि नंदिनी या नद्या समुद्राला मिळतात. सर्फिंग शिकवणारा तरुण तिथल्याच मच्छीमार कुटुंबातला होता. त्याने पहिल्या दिवशी आम्हांला अर्धा तास नुसतं पाण्याकडे बघायला लावलं. मग हिंदीत विचारलं, "सर, लाटेबरोबर काय येतं?" मी म्हटलं, "पाणी." तो हसला आणि त्याने लांबवर तरंगणारा नारळ दाखवला. लाट आली की नारळ वर जाई, थोडा पुढे येई, मग खाली जाऊन मागे सरके. लाट पुढे निघून जाई, नारळ जवळजवळ तिथल्या तिथे!

मला एकदम आमची ज्वारी आठवली. वारा आला की शेताच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत लाट पळत जाते, पण ताट आपल्या जागेवरच असतं. समुद्राचंही तसंच. पळते ती ऊर्जा. दूर दक्षिणेच्या महासागरात वादळ होतं, वारा पाणी ढवळतो, आणि ती लाट कित्येक दिवस हजारो किलोमीटर प्रवास करून आपल्या किनाऱ्याला येऊ शकते. किनाऱ्याजवळ पाणी उथळ झालं की लाटेचा खालचा भाग तळामुळे मंदावतो, वरचा भाग पुढे धावतो. पाण्याची खोली लाटेच्या उंचीएवढी होत आली की लाट कोसळते आणि पांढरा फेस होतो. नवशिक्याने शिकायचं ते या फेसाच्या लाटेवर, कमरेएवढ्या पाण्यात.

शिकवणाऱ्याने आणखी एक गोष्ट दाखवली. किनाऱ्यावर आलेलं पाणी परत जाताना एखाद्या अरुंद वाटेने जोरात आत ओढत जातं. तिथे लाटा कमी फुटतात, म्हणून नवख्याला तीच जागा शांत वाटते. त्या ओढीत सापडलं तर किनाऱ्याच्या दिशेने झुंजायचं नाही, दम संपतो. तरंगत राहायचं, हात वर करून मदत मागायची आणि जमलं तर किनाऱ्याला समांतर, आडवं पोहत ओढीच्या बाहेर यायचं.

मिस्त्रीने दोरी पाहिली

पहिल्या दिवशी वाळूत फळीचं चित्र काढून सराव झाला. पालथं झोपायचं, हाताने पाणी मारायचं, छातीजवळ तळहात टेकून एका झटक्यात उभं राहायचं. गुडघे वाकलेले, नजर पुढे. पायाकडे पाहिलंत की पडलात. पडायचं ते आडवं पसरून, सूर मारून नाही, कारण खाली पाणी उथळ असतं. वर येताना दोन्ही हात डोक्यावर, म्हणजे फळी डोक्यात बसत नाही.

मिस्त्री बाजूला बसून होता. मी फळीची दोरी पायाला बांधू लागलो तेव्हा तो उठून आला. या दोरीला लीश म्हणतात. एक टोक फळीला, दुसरं घोट्याला. त्याने ती हातात घेतली, ताणून पाहिली, पीळ बसू नये म्हणून लावलेली फिरती कडी फिरवून पाहिली. शिकवणाऱ्याला विचारलं, "ही कशासाठी?"

"माणूस पडला तरी फळी दूर जात नाही. दमला की दोरी ओढायची आणि फळीला धरून तरंगायचं."

"तुम्हांला एवढं पोहता येतं, तरी तुम्ही बांधता?"

"रोज बांधतो. पोहणं आपल्या हातात आहे, दमणं नाही."

मिस्त्री काही बोलला नाही. त्या दिवशी मी चौदा वेळा पडलो, एकदाही उभा राहिलो नाही. नाकातोंडात इतकं खारं पाणी गेलं की रात्री नीर डोशाबरोबरची चटणीही अळणी लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खोलीतून बाहेर आलो तर मिस्त्री आधीच किनाऱ्यावर. घोट्याला दोरी बांधून उभा. मी जवळ गेलो नाही. तो घोट्याएवढ्या पाण्यात गेला, थांबला. गुडघ्याएवढ्या पाण्यात गेला, पुन्हा थांबला. तिथे तो किती तरी वेळ उभा होता. मग एक मोठी लाट आली आणि त्याने तिच्याकडे तोंड करून फळी पुढे ढकलली.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी लाटेवर उभा राहिलो. किती वेळ? मनातल्या मनात चारपर्यंत आकडे म्हणून होतील इतका! पण त्या चार आकड्यांत पायाखाली जे काही पळत होतं, ते मी विसरणार नाही. मिस्त्री माझ्यापेक्षा चांगला निघाला. सायकल चालवणाऱ्याला तोल सांभाळायला शिकवावं लागत नाही. तो थेट वाळूपर्यंत उभा आला, फळीवरून उतरला आणि पाठ फिरवून बराच वेळ तोंड धूत राहिला. खाऱ्या पाण्याने तोंड कोण धुतं? मी विचारलं नाही.

परत येताना सायकली रेल्वेच्या पार्सलच्या डब्यात टाकल्या, मडगावला गाडी बदलली आणि मिरजेला उतरलो. गाडीत मिस्त्री कागदावर काहीतरी आखत होता. मी डोकावलो. शेततळ्याचं चित्र होतं, आणि त्याच्या उतारावर एक दोर.

तेवीस दोर

गावात शेततळी मोजली, तेवीस भरली. मिस्त्रीच्या दुकानात ट्रक-ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबा पडलेल्या असतात. त्याने त्यांची पंक्चरं काढली. जाड दोराला हातभर अंतरावर गाठी मारल्या, म्हणजे ओल्या हातातूनही तो सुटत नाही. दोराचं एक टोक काठावर खोल रोवलेल्या लोखंडी खुंट्याला, दुसरं तळ्यात सोडलेलं. शेजारी दोरी बांधलेली हवा भरलेली ट्यूब. ऊन लागून ट्यूब विरते, म्हणून दर अमावास्येला फेरी मारून हवा तपासायची. सुरुवातीला काही शेतकरी म्हणाले, "कशाला अपशकुन?" तेव्हा मिस्त्रीने त्यांना तेच सांगितलं, जे मला स्पोक बांधताना सांगितलं होतं.

मे २०२३ पासून आम्ही उन्हाळ्यात विहिरीवर पोहणंही शिकवतो. पाठीला डबा, काठावर चार मोठी माणसं, आणि आईवडिलांची परवानगी असेल तरच. सगळ्यांत आधी पाण्यात मिस्त्री उतरतो. गेल्या वर्षी आमच्या गावातल्या एक काकू तळ्यावर धुणं धुताना घसरल्या. पोहता येत नव्हतं. गाठीचा दोर हाताला लागला आणि तो धरून त्या ओरडत राहिल्या. लोक धावले, काकू वर आल्या. त्या संध्याकाळी मिस्त्री दुकान बंद करून बहिणीच्या घरी जेवायला गेला. दोन वर्षांत पहिल्यांदाच त्या घरी हसण्याचा आवाज आला, असं शेजारी सांगत होते.

मुलांनो, पाण्याला भिऊन घरात बसणं आणि न बघता उडी मारणं, या दोन्हींच्या मध्ये एक वाट आहे. पाणी ओळखायचं, तयारी करायची आणि मगच उतरायचं. पावसाळ्यात समुद्रात जायचं नाही. कोळी दादा नको म्हणाले की नको. मोठं माणूस सोबत नसेल तर विहीर, तळं, बंधारा, कुठेही उतरायचं नाही. आणि कुणी बुडताना दिसलं तर आपण उडी मारायची नाही. आधी जोरात ओरडायचं, मग दोर, काठी, ओढणी, झाकण लावलेला रिकामा कॅन, जे हाताला लागेल ते त्याच्याकडे टाकायचं.

पालकांनाही एक सांगणं. मुलांना पोहायला शिकवा. आणि येत्या रविवारी मुलांचा हात धरून आपल्या जवळच्या विहिरीवर किंवा तळ्यावर एक चक्कर मारा. तिथे गाठी मारलेला दोर आहे का, ते बघा. नसेल तर गावात सायकल दुरुस्त करणारे एखादे काका असतीलच. त्यांच्याकडे जुन्या ट्यूबा नक्की मिळतील.